बाटली ओळखणारी कंपनी

प्रिय सुहास,

पत्र पोचलं. रिसायकलिंगचा धंदा वाढवायचा तर गाड्या, गोदामं आणि माणसं वाढवण्याखेरीज गत्यंतर नाही, असं तू लिहिलंस. मला नाही पटलं. नॉर्वेतल्या टोमरा कंपनीचं उदाहरण बघ.

तिथे रिकामी बाटली दुकानात परत दिली की अनामत परत मिळते. हा बाटल्यांचा हिशेब दुकानदारांच्या डोक्याला ताप होता. ऑस्लोतल्या एका दुकानदाराची ही अडचण ऐकून पेटर आणि टोरे प्लांके या भावांनी यंत्र बनवलं. बाटली आत सरकवायची, यंत्र ती ओळखतं आणि रकमेची पावती देतं. १९७२मध्ये कंपनी सुरू झाली ती एवढ्या एका यंत्रावर.

यात नशीब कायद्याच्या हाती असतं, हे मात्र कबूल. जर्मनीने २००३मध्ये एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत लावली, तेव्हा असल्या यंत्रांना केवढी मोठी बाजारपेठ खुली झाली! अनामतच नसेल तर हे यंत्र कोण घेणार?

मला खरी गंमत वाटते ती पुढची. २००४मध्ये टोमराने टायटेक ही कचरा वर्गीकरणाची यंत्रं बनवणारी कंपनी विकत घेतली. पट्ट्यावरून कचरा धावतो, वरून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पडतो. प्रत्येक प्लास्टिक तो आपापल्या तऱ्हेने परावर्तित करतं. त्यावरून पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) कुठलं, पॉलिप्रॉपिलीन (डबे-झाकणांचं) कुठलं हे कळतं आणि हवेचा झोत नेमका तो तुकडा बाजूला उडवतो. काळ्या प्लास्टिकपुढे मात्र ही युक्ती लंगडी पडते, कारण त्यातली काजळी प्रकाश गिळून टाकते. त्यानंतर कंपनी खनिजं निवडण्यात उतरली, मग बटाटे-फळांची प्रतवारी करणाऱ्या कंपन्याही तिने घेतल्या. बाटलीवरून थेट बटाट्यावर! पण काम तेच, समोरून जाणारी वस्तू ओळखायची.

तू लगेच असली यंत्रं घे असं मी म्हणत नाही, तेवढं भांडवल कुणाकडे असतं? पण तुझ्या वर्गीकरणाच्या बायका प्लास्टिक हाताने दाबून, आवाजावरून ओळखतात असं तूच लिहिलंयस. मग मिश्र माल तसाच का विकतोस? दुसऱ्या गोदामांचा माल निवडून देण्याचं काम घेता येईल का, त्याचा हिशेब मांड. पीईटीचा चुरा पाण्यात बुडतो आणि एचडीपीईचा, म्हणजे शॅम्पूच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा, तरंगतो, त्यामुळे त्या दोघांपुरती एक साधी टाकीही पुरेल. आकडे जमले की कळव.

तुझा,
विनय