संथ पाण्यात, रिकाम्या बोटीवर दिलेला ‘उत्कृष्ट’ शेरा मागे घ्या

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्याकडून घेतलेल्या वापरलेल्या ३२ फुटी मासेमारी बोटीचा दिशाभूल करणारा समुद्र-चाचणी अहवाल, आणि तक्रारीवर मिळालेला धोकादायक सल्ला

महोदय,
स. न. वि. वि.

खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी मी आपल्या कंपनीकडून दोन आऊटबोर्ड इंजिनांची, फायबरची ३२ फुटी वापरलेली बोट घेतली. इंजिने पहिल्या चावीला सुरू होतात, वायरिंग नीट आहे, डेकवर पाय दबेल अशी जागा नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बोट समुद्रात कशी चालते, याबद्दल आपण जे लिहून दिलेत त्याबद्दल आहे. अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘लाटेवरील चाल व हाताळणी: उत्कृष्ट’ असा शेरा आहे. त्या शेऱ्यावर विसंबून मी आणि माझ्याबरोबरची माणसे किनाऱ्यापासून दूर गेलो. तो शेरा कशाच्या आधारावर दिला गेला, हे मला आपल्याकडून लेखी हवे आहे.

अहवालातच नोंद आहे की चाचणीच्या वेळी वारा ब्यूफोर्ट २ (वाऱ्याचा जोर मोजण्याच्या मापावरची पायरी) होता. म्हणजे ४ ते ६ नॉट (ताशी सागरी मैल) वारा आणि जेमतेम वीतभर लाट. टाकीत पाव भाग इंधन होते, बोटीवर दोन माणसे होती, जिवंत आमिषाची टाकी कोरडी होती आणि बर्फाची पेटी रिकामी होती. अशा दिवशी आणि अशा हलक्या अवस्थेत जवळजवळ कुठलीही धड बोट छान चालते. मासेमारीला निघणारी बोट अशी कधीच नसते. या बोटीची टाकी ९०० लिटरची आहे. पेट्रोल लिटरमागे साधारण पाऊण किलो धरले तर भरलेली टाकी आणि पाव टाकी यांच्यातच पाचशे किलोंचा फरक पडतो. त्यावर आमिषाच्या टाकीतले दीडशे लिटर समुद्राचे पाणी, दोनशे किलो बर्फ आणि चार माणसे जास्त धरा. टनापेक्षा अधिक वजन चढते, आणि पाणी, बर्फ, माणसे हे सगळे वजन बोटीच्या मागच्या अर्ध्या भागात बसते. आपण ज्या बोटीची चाल तपासलीत आणि मी जी बोट चालवतो, त्या पाण्यावर बसतात वेगळ्या, लाटेवर चढतात वेगळ्या आणि वळतातही वेगळ्या.

व्यवहार पक्का होण्याआधी मी लेखी विनंती केली होती की चाचणी जरा वाऱ्याच्या दिवशी, पूर्ण टाकीवर आणि माझ्यासमोर घ्यावी. ‘आमच्या विम्यात ते बसत नाही, शिवाय आमचा अहवाल पुरेसा आहे’ असे उत्तर आपल्या विक्री प्रतिनिधीने दिले. तो पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. विम्याची अडचण मी समजू शकतो. पण जे तपासताच येत नाही त्यावर शेरा का द्यावा? त्या रकान्यात ‘तपासले नाही’ असे लिहिले असते तर मी माझ्या खर्चाने स्वतंत्र सर्व्हेअर (नौका तपासणारा जाणकार) आणला असता.

आता प्रत्यक्ष अनुभव सांगतो. ब्यूफोर्ट ४ म्हणजे ११ ते १६ नॉट वारा आणि साधारण मीटरभर लाट. बाहेरच्या समुद्रात हे वादळ नव्हे, रोजचे हवामान आहे. या लाटेला समोरून जाताना बोट २० नॉटच्या वर नेली की नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, लाटेच्या माथ्यावरून पुढे निघते, खालचे पाणी संपते आणि तळ दाणकन खाली बसतो. अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसा तो धक्का थेट गुडघ्यातून कमरेत जातो. मग वेग कमी करावा, तर १७ नॉटच्या खाली बोट पाण्यावर उचललेली राहतच नाही. मागची बाजू खचते, नाळ आकाशाकडे जाते, समोरचे काही दिसत नाही आणि इंजिने नुसती पाणी ढकलत राहतात.

माझ्या मते बोटीची चाल जोखण्याची खरी कसोटी इथेच आहे. कमाल वेग किती, हा प्रश्न मी फार नंतरचा मानतो. भरलेली बोट कमीत कमी किती वेगावर पाण्यावर उचललेली राहते, हे आधी पाहायला हवे. चांगली समुद्री बोट १२-१३ नॉटवरही शांतपणे तरंगत पुढे जाते, म्हणून चालवणाऱ्याला लाट बघून वेग निवडता येतो. या बोटीत मला निवडायला काही उरलेलेच नाही, कारण १७ च्या खाली ती नांगरते आणि २० च्या वर आपटते. मधल्या तीन नॉटमध्ये दोन्ही हात थ्रॉटलवर ठेवून घरी यावे लागते. आपल्या अहवालात कमाल वेग दशांशापर्यंत दिला आहे, पण किमान वेगाचा रकानाच नाही.

आता तळाच्या कोनाविषयी, म्हणजे तळाच्या दोन बाजू इंग्रजी व्हीच्या आकारात किती कलत्या आहेत त्याविषयी. जाहिरातीत ‘२४ अंशांचा खोल व्ही तळ’ असे ठळक अक्षरांत आहे. माहितीपत्रकात त्याला जोडून १९६० च्या मायामी ते नसाऊ शर्यतीचा दाखलाही दिला आहे. रे हंट यांच्या आराखड्याची, रिचर्ड बर्ट्राम यांची ‘मॉपी’ ती शर्यत जिंकली आणि खोल व्ही तळाला जगभर मान्यता मिळाली, हे खरे आहे. पण ती मान्यता खवळलेल्या समुद्रात मिळाली होती, आणि त्या तळाचे वैशिष्ट्यच हे होते की व्हीचा खोल कोन थेट मागच्या आडव्या भिंतीपर्यंत, म्हणजे ट्रान्समपर्यंत, जवळजवळ तसाच नेलेला होता. मी बोट ठोकळ्यांवर घेऊन कोनमापकाने तळ मोजला. मध्यभागी २४ अंश आहेत. ट्रान्समजवळ १७ आहेत. वेगात बोटीचा जो भाग पाण्यात राहतो तो मागचा असतो आणि आपटतोही तोच. म्हणून बोटींच्या धंद्यात कोन सांगायचा तो ट्रान्समचा, हे आपल्यासारख्या जुन्या विक्रेत्याला माहीत नसेल असे मला वाटत नाही. १७ अंशांचा तळ वाईट असतो असेही मी म्हणत नाही. तो कमी ताकदीत उचलला जातो आणि थांबलेल्या बोटीला कमी डोलवतो. बऱ्याच जणांना तोच सोयीचा पडेल. मात्र मी २४ चे पैसे मोजले आणि २४ ची अपेक्षा ठेवून समुद्र निवडला.

कमी डोलण्याचा तो फायदाही या बोटीत मिळत नाही. इंजिन बंद करून वाहत्या पाण्यात गळ टाकून बसलो आणि लाट आडवी आली की ती कडेला हळूहळू झुकते, तिथे थबकते आणि मग सावकाश परत येते. झटकन परतणारी बोट अंगाला त्रास देते, पण स्थिरतेच्या दृष्टीने ती बरी. परतायला वेळ घेणारी बोट आपले वजन वर गेल्याचे सांगत असते. केबिनच्या छतावरचा उंच मनोरा मूळ बांधणीत नव्हता, नंतर बसवला आहे. आपल्या अहवालात मनोऱ्याचे ‘अतिरिक्त सुविधा’ म्हणून कौतुक आहे. त्याने बोटीच्या डोलण्यावर काय परिणाम झाला याबद्दल एक ओळ नाही. मासेमारी करणारा माणूस दिवसातला मोठा वेळ थांबलेल्या बोटीवर उभा असतो, आणि थांबलेल्या बोटीची चाचणी आपण घेतलीच नाही.

इंजिनांचेही असेच. मूळ बोटीवर हलकी टू-स्ट्रोक इंजिने होती. ती काढून जड फोर-स्ट्रोक बसवली आहेत. इंजिने नवी आहेत म्हणून किंमत वाढली, ठीक. पण ते वाढीव वजन ट्रान्समच्या अगदी टोकाला टांगलेले आहे. भरलेली बोट नुसती उभी असली तरी डेकवरचे पाणी बाहेर काढण्याच्या भोकांतून उलट समुद्राचेच पाणी आत येते आणि मागे उभ्या माणसांचे पाय भिजतात. मागच्या बाजूचा तळाचा रंग घासल्यावर त्याखाली जलरेषेची जुनी रेघ मिळाली, आणि आजची रेघ तिच्यापेक्षा चांगली चार बोटे वर आहे. बोट मागे खचली आहे हे कोणाच्या तरी लक्षात आले होते आणि त्याने रेघ वर सरकवली. हे काम आपल्या आवारात झाले की आधीच्या मालकाकडे, याचे उत्तर मला हवे आहे. फोटो जोडले आहेत.

इंजिनांच्या पंख्यांबद्दलही (प्रोपेलर) खुलासा हवा. पूर्ण थ्रॉटलला या इंजिनांनी मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या दरम्यान चालावे असे बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत आहे. भरलेल्या बोटीवर ती ४,६०० च्या पुढे जात नाहीत. पंख्याची पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकू शकतो ते अंतर) एक इंचाने कमी केली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. यावरून मला दिसते ते असे की हलक्या बोटीचा कमाल वेग अहवालात चांगला दिसावा एवढ्या जास्त पिचचे पंखे ठेवले आहेत. त्याचा भार आता माझी इंजिने रोज सोसत आहेत.

ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहिण्याची वेळ आली ती आता सांगतो. परतताना लाट मागून आणि किंचित तिरकी येत होती. मागची बाजू जड असल्यामुळे बोट उचललेली ठेवायला ट्रिम टॅब (ट्रान्समच्या खालच्या कडेला असलेल्या, वरखाली होणाऱ्या पट्ट्या) खाली करावे लागतात, आणि टॅब खाली असले की नाळ दबते. मागून आलेल्या लाटेने बोटीची पाठ उचलली, बोट उतारावरून घसरली, दबलेली नाळ पुढच्या खळग्यात रुतली आणि त्या नाळेभोवती मागचा सगळा भाग एका बाजूला फिरू लागला. सुकाणू पूर्ण उलटे फिरवूनही काही क्षण बोट ऐकत नव्हती. माझा एक सहकारी कठड्यावर आदळला. कठडा उंच होता म्हणून तो पाण्यात गेला नाही. पुढची लाट आडवी लागली असती तर आम्ही कलंडलो असतो.

दुसऱ्या दिवशी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळाले, ‘टॅब आणखी खाली करा, बोट स्थिर होईल.’ हा सल्ला जीवघेणा आहे. समोरची लाट कापताना टॅब थोडे खाली ठेवणे बरोबर, कारण तेव्हा नाळेचा टोकदार भाग पाण्यात हवा असतो. मागच्या लाटेत नेमके उलटे करावे लागते. टॅब पूर्ण वर घ्यायचे, इंजिनांचा कोन बदलून (ट्रिम करून) नाळ हलकी करायची आणि पुढच्या लाटेच्या पाठीवर राहता येईल एवढाच वेग ठेवायचा. हे आपल्या फोनवरच्या माणसाला माहीत नसेल तर त्याने ‘विचारून सांगतो’ म्हणायला हवे होते. आणि हे उपाय या बोटीत पूर्णपणे करताही येत नाहीत, कारण टॅब वर घेतले की ती पाण्यावरून खाली बसते. नव्या शिकाऊ चालकाने तो सल्ला पाळला असता तर काय झाले असते, याचा विचार करून मला अजूनही राग येतो.

माझ्या मागण्या सांगतो. समुद्र-चाचणी पुन्हा व्हावी आणि ती मी निवडलेल्या स्वतंत्र सर्व्हेअरसमोर व्हावी. इंधनाची व आमिषाची टाकी भरलेली, बर्फ आणि सहा माणसे बोटीवर, वारा किमान ब्यूफोर्ट ४. समोरची, आडवी, मागची आणि तिरकी अशा चारही लाटांत बोट चालवावी, थांबवून तिचे डोलणे मोजावे, किमान वेग नोंदवावा आणि प्रवाहाचा परिणाम जावा म्हणून वेग दोन्ही दिशांनी घ्यावा. सर्व्हेअरचा खर्च आपण करावा. कमी पिचचे योग्य पंखे तर लगेच, या चाचणीची वाट न पाहता द्यावेत. वजनाची फेरमांडणी करून आणि मनोरा काढूनही बोट सुरक्षित चालत नाही असे सर्व्हेअरने लिहिले तर बोट परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी.

दरम्यान जुना अहवाल लेखी मागे घ्यावा. ट्रान्समचा खरा कोन जाहिरातीत द्यावा. आपल्याकडे विकायला असलेल्या इतर बोटींच्या अहवालांतही लाटेची उंची, वजन आणि माणसांची संख्या शेऱ्याच्या शेजारीच छापावी. टॅबचा तो सल्ला ज्या ज्या ग्राहकांना दिला गेला असेल त्या सर्वांना फोन करून तो चुकीचा असल्याचे सांगावे. ही मागणी माझ्या पैशांच्या आधी पूर्ण करा. ती आजच करता येण्यासारखी आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हे पत्र सर्व जोडपत्रांसह ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे आणि नौका सुरक्षेचे काम पाहणाऱ्या विभागाकडे पाठवीन. तोपर्यंत बोट धक्क्याला बांधून ठेवली आहे.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: चाचणी अहवालाची प्रत, चाचणीपूर्व पत्रव्यवहार, तळाच्या मोजमापाचे व जलरेषेचे फोटो, इंजिनाच्या फेऱ्यांची नोंद.