वेलिंगकरांचे नाव राहून गेले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या महायुद्धातल्या हवाई लढतींवरचा लेख वाचला. रेड बॅरन म्हणजे जर्मन वैमानिक रिश्टहोफेन, त्याचे तांबडे तीनपंखी विमान, त्याने पाडलेली ८० विमाने असे सगळे त्यात आले आहे. (त्या ८० पैकी बहुतेक त्याने दुसऱ्याच विमानांतून पाडली होती, पण ते असो.) शेवटी इंद्रलाल रॉय यांना एक परिच्छेद मिळाला, तोही 'या युद्धात लढलेले एकमेव भारतीय वैमानिक' म्हणून. हे चूक आहे. फ्रान्सच्या आघाडीवर लढलेले निदान आणखी तिघे भारतीय वैमानिक होते आणि त्यातला एक आपल्या मुंबईचा होता.

त्यांचे नाव श्रीकृष्ण वेलिंगकर. इंग्रजी कागदपत्रांत ते 'वेलिंकर' असे सापडते. ब्रिटिश हवाई दलाच्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवत. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, त्यामुळे विमानाचे चित्र दिसले की आधी बसायची जागा बघायची सवय आहे. डॉल्फिनची जागा बघून पोटात गोळा येतो. वरचा पंख बराच खाली आणलेला, त्याच्या मधोमध मोकळी चौकट आणि त्या चौकटीतून वैमानिकाचे डोके वर आलेले. चहूकडचे छान दिसायचे, यात वाद नाही. पण उतरताना चाक खड्ड्यात अडकून विमान पालथे झाले, तर सगळे ओझे थेट मानेवर! आणि पॅराशूट? बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना ते होते, जर्मन वैमानिकांना १९१८ मध्ये मिळू लागले, ब्रिटिशांच्या लढाऊ वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत मिळाले नाही. विमान पेटले तर पुढे काय, हे प्रत्येकाला ठाऊक असायचे.

२७ जून १९१८ रोजी वेलिंगकर गस्तीवर गेले ते परतले नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला वारले. आमिएँजवळच्या हांगार गावी त्यांची कबर आहे. त्यानंतर आठवडाभरात, ६ जुलैला, रॉय यांनी त्या महिन्यातले पहिले विमान पाडले. १९ जुलैपर्यंत दहा झाली. २२ जुलैला कार्व्हँच्या आकाशात तेही पडले. वय १९. सुरुवातीला दृष्टी अधू म्हणून त्यांना नाकारले होते, हे लेखात नव्हते.

हरदितसिंग मलिक यांचा तर उल्लेखही नाही. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या या सरदारजींना ब्रिटिश घेईनात, तेव्हा ते फ्रेंच हवाई दलाकडे वळले. मग त्यांच्या प्राध्यापकांनीच वर पत्र लिहिले आणि एप्रिल १९१७ मध्ये त्यांना ब्रिटिशांकडून कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळाले. पगडीवर बसेल असे मोठे हेल्मेट त्यांनी करून घेतले होते. त्यांचे कॅमल विमान फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनाचे. त्यात वंगण म्हणून चक्क एरंडेल, कारण ते पेट्रोलात विरघळत नाही. इंजिन फिरताना त्याचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर येत, थोडे पोटातही जाई. लहानपणी आजीने दर महिन्याला एरंडेल पाजलेल्या कुणालाही पुढचे सांगायला नको. शत्रूच्या गोळ्या पायात घेऊन मलिक कसेबसे परतले. स्वातंत्र्यानंतर ते फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले. चौथे एरोल सेन, सप्टेंबर १९१७ मध्ये युद्धकैदी झाले.

दुरुस्ती छापणार असाल तर मलिक, सेन, वेलिंगकर, रॉय ही चारही नावे द्यावीत, जागा फार लागणार नाही. आणि वेलिंगकरांच्या घराण्यातले कुणी मुंबईत किंवा गोव्यात असतील, त्यांच्याकडे पत्रे, फोटो असतील, तर त्यांनी आपल्याकडे पाठवावेत असे आवाहनही सोबत करावे. माझ्या शोधात त्यांचा एकही स्पष्ट फोटो मला अजून मिळालेला नाही.

आपला,
हवाई दलातील एक निवृत्त फिटर, पुणे