वाहनांचा नकाशा छापता, पायी येणाऱ्यांचाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनंत चतुर्दशी जवळ आली की पुण्यातली सगळी वर्तमानपत्रे न चुकता ‘वाहतुकीत बदल’ छापतात. कोणता रस्ता बंद, पर्यायी मार्ग कोणता, गाडी कुठे लावायची, सगळे त्यात असते. पण विसर्जन मिरवणूक पाहणारा माणूस पेठांत शेवटी चालतच शिरतो, आणि त्याच्यासाठी या माहितीत एक ओळ नसते. दरवर्षी शहरात नव्याने शिकायला आलेली मुलेमुली वसतिगृहांतून दहा-बाराच्या घोळक्याने निघतात. बाराही जणांना ठाऊक असते ते एवढेच, की अलका चौकात जायचे. या उत्सवाला तिकीट नाही आणि दारही नाही. त्यामुळे आत किती माणसे आली हे मोजणाराही कोणी नाही.

अलका चौकातच माणसे का कोंडतात? लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक हे मिरवणुकीचे चारही रस्ते तिथे येऊन मिळतात. त्यात शास्त्री रस्ता आणि समोर लकडी पूल. शिवाय प्रत्येक ढोल-ताशा पथकाला मनसोक्त वाजवायचे असते ते चौकातच. रस्त्याने जाताना पथक रांगेत असते. चौकात त्याचे रिंगण होते, भोवतीचा दोर बाहेर सरकतो आणि कडेचे प्रेक्षक मागच्या दुकानांच्या शटरवर दाबले जातात. मागच्यांना पुढचे काहीच दिसत नाही, ते आवाज ऐकून रेटत राहतात. चौरस मीटरमागे चार माणसे असेपर्यंत आपण आपल्या मर्जीने कसेबसे हलू शकतो. सहा-सात झाली की पाय कुठे टाकायचा हे गर्दी ठरवते.

म्हणून चौक सोडावा आणि दोन चौकांच्या मधला रस्ता धरावा. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती दिवसाउजेडीच जातात. ते पाहायचे तर बेलबाग चौक आणि कुंटे चौक यांच्या दरम्यान सकाळीच जागा घ्यावी. पथकाची शिस्त, ध्वज आणि ताशाचा कडकडाट चालत्या मिरवणुकीत जास्त चांगला अनुभवता येतो, असे आमचे मत आहे. रोषणाईचे रथ हवे असतील तर रात्री यावे लागेल. मात्र बाराला ध्वनिवर्धक बंद झाले की बरीच मंडळे जागची हलत नाहीत, सकाळी सहाची वाट पाहतात. मिरवणूक २४ तासांच्या पुढे जाते त्याचे हे एक कारण. मधल्या तासांत रस्त्यावर उभे राहून मिळते ती पायदुखी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणीच सांगत नाही. लक्ष्मी रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभे राहता, यावर परतीची वाट ठरते. मिरवणूक सुरू झाली की रस्ता ओलांडता येतो तो दोन मंडळांमध्ये अंतर पडते तेव्हाच, आणि त्यासाठी कधी कधी तासभर थांबावे लागते. विद्यापीठाकडे, शिवाजीनगरला किंवा डेक्कनला परतायचे असेल तर उत्तरेची, म्हणजे नारायण-शनिवार पेठेची बाजू धरा. तिथून केळकर रस्ता ओलांडून झेड ब्रिजने नदीपलीकडे जाता येते. स्वारगेटकडे जाणाऱ्यांनी सदाशिव पेठेची बाजू धरावी. भिडे पुलावर भिस्त ठेवू नये. खडकवासल्यातून पाणी सोडले की तो पाण्याखाली जातो. शिवाजीनगरहून मेट्रोने येणाऱ्यांनी कसबा पेठ स्थानकावर उतरावे. पुढचे मंडई स्थानक नावाप्रमाणे थेट मंडईत, म्हणजे मिरवणूक निघते तिथेच बाहेर काढते.

बारा जणांनी एकमेकांचे हात धरून साखळी करणे हा तर हमखास फसणारा प्रकार. साखळी आडवी येते, लोक ती तोडतात, आणि तुटलेली टोके एकमेकांना शोधत उलट्या दिशेने घुसतात. चार-चारचे गट करावेत, एकामागे एक चालावे, मागच्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवावा. फोन लागणार नाहीत असे धरूनच चालावे. भेटण्याची जागा आणि वेळ आधी ठरवावी, आणि ती जागा नदीपलीकडची असावी, उदाहरणार्थ बालगंधर्व रंगमंदिराचे फाटक. चुकलेल्याने शोधत बसू नये, सरळ तिथे जावे.

रेटा आलाच तर दोन्ही हात छातीसमोर घ्यावेत, म्हणजे श्वासाला जागा राहते. उलट ढकलू नये. रेटा ओसरला की तिरके कडेकडे सरकावे. पडलेली चप्पल किंवा फोन उचलायला वाकू नये. मुळात मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घालावेत. दुतर्फा दुचाक्या लावलेल्या बोळात शिरू नये. तिथे जेमतेम दोन माणसांपुरती वाट उरते, आणि एक गाडी कलंडली की ओळीने सगळ्या पडतात. ढोलांजवळ थांबणार असाल तर फोमचे इअरप्लग खिशात असू द्या, कापसाचे बोळे पुरत नाहीत. लेझरच्या झोताकडे डोळे वा मोबाइलचा कॅमेरा रोखू नये, दोन्हींना इजा होते.

मुलींची खरी अडचण स्वच्छतागृहांची. दुकाने बंद आणि हॉटेलांत पाय ठेवायला जागा नाही. त्यामुळे कित्येकजणी दुपारपासून पाणीच पीत नाहीत आणि मग संध्याकाळी उकाड्यात भोवळ येते. फिरती स्वच्छतागृहे कुठे उभी आहेत हे आधी कळले, तर यातले बरेच टळेल.

आपल्याकडे मागणी एवढीच, की वाहतुकीच्या नकाशाशेजारी अर्धे पान पायी येणाऱ्यांना द्यावे. लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या कोणत्या गल्ल्या बाहेर पडण्यासाठी मोकळ्या आहेत आणि कोणत्या बांबू लावून बंद केल्या आहेत, स्वच्छतागृहे, पाणी आणि प्रथमोपचार कुठे आहेत, रुग्णवाहिका कुठून शिरते आणि कोणते पूल चालू आहेत, हे त्यात असावे. महापालिका आणि पोलिसांकडे ही माहिती असतेच. बाहेरगावची मुले पुष्कळ असल्याने मजकुराबरोबर चित्रखुणाही द्याव्यात आणि नकाशा आदल्या दिवशीऐवजी दोन दिवस आधी छापावा. वसतिगृहांच्या सूचनाफलकावर तो लागायला तेवढा वेळ लागतो.

आपले,
सदाशिव पेठेतील काही जुने स्वयंसेवक, पुणे