मामाला बाटली हवी आहे

बडोदे, ५ जानेवारी

प्रिय मंजे,

पत्र बघून म्हणशील, हिचा फोन मेला की काय. मेला नाही. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे मला पुरं सांगायचंय. आमचं बरं आहे. माझी थायरॉइडची गोळी चालू, आईचे गुडघे आहेत तिथेच.

वाडीतल्या मामाचं शैलाने सांगितलंच असेल. मावा भोवला, गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, शेक झाले, आणि आता मानेत परत गाठ. रविवारी गेले तर निलेशने मला गॅलरीत ओढलं. "ताई, तुमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये तेच कॅन्सरचं औषध आहे ना? एक बाटली कमी झाली तर कोणाला कळणार?" बाहेरच्या इंजेक्शनची किंमत बघून आला होता बिचारा. रागवावं तरी कसं?

तूच सांग, काय बोलणार? ती आरएमपी१-१४, उंदरांवरच्या प्रयोगांची अँटिबॉडी. रॅटमध्ये तयार झालेली, माउसच्या पेशींवरच्या पीडी-१ला धरणारी; माणसाच्या पीडी-१ला ती ओळखतसुद्धा नाही. शिवाय परकं प्रथिन. ४टी१ची (स्तनाच्या कॅन्सरची) गाठ असलेल्या उंदरांना असल्या अँटिबॉडीचे डोस पुन्हा पुन्हा दिले तर रिअ‍ॅक्शन येऊन उंदीरच दगावले, तो पेपर आठवतो ना? हे सगळं मी निलेशला सांगतेय तोवर मामी आतून ओरडली, "उंदराचं औषध ह्यांना देताय होय रे?" आणि मामा वाकड्या तोंडाने हसत म्हणाला, "एवढा वाईट वागलो का गं मी?"

मग त्याला ते नीट समजून घ्यायचं होतं. म्हटलं, गाठीवर हल्ला करणाऱ्या टी पेशीला ब्रेक असतो, तो पीडी-१. गाठ आपलं पीडी-एल१ पुढे करून तो दाबून धरते. अँटिबॉडी मध्ये शिरली की ब्रेक सुटतो. जन्मभर एसटी चालवलेला माणूस! लगेच म्हणाला, "आणि सुटलेली गाडी घाटात कुठे जाईल ते कोण बघणार?" आतडं, फुप्फुस, थायरॉइड, कुठेही जाते. अख्ख्या घरात शहाणा प्रश्न तेवढा त्याचाच.

पण निघताना त्याने विचारलं, "तुझ्या उंदरांना लागू पडतं का?" मी "पडतं" म्हणाले आणि चपला घातल्या. तेव्हापासून झोप नाही.

कारण परवाचाच पिंजरा घे. सगळे सी५७ जातीचे काळे उंदीर, आतून-बाहेरून सारखे. एकाच फ्लास्कमधल्या एमसी३८ कॅन्सरपेशी, एकाच सकाळी टोचलेल्या. दर तिसऱ्या दिवशी पोटात २०० मायक्रोग्रॅम, त्याच बाटलीतून, माझ्याच हाताने. उजव्या कानाला भोक असलेल्याची गाठ कॅलिपरमध्ये धरायला जावं तर नुसती कातडी चिमटीत येते. त्याच्या अंगावर झोपलेल्या दुसऱ्याची गाठ मात्र २ए३वाल्यांच्या, म्हणजे नुसती नकली अँटिबॉडी दिलेल्यांच्या, बरोबरीने वाढतेय. (हो, २ए३च. आयसोटाइप कंट्रोलवरून तू माझ्याशी अबोला धरला होतास, "नुसतं पीबीएसचं खारं पाणी पुरे" म्हणून. पुरे नव्हतं. आजही नाही.) जुळ्यांहून सारख्या जिवांत हे असं, तर माव्याने पोखरलेल्या बासष्टीच्या माणसाला मी कशाच्या जोरावर "पडतं" म्हणाले?

आलेखावर सरासरीची रेघ छान खाली येते, लेखात तीच जाते. सर खूश आहेत. २०१८ला होंजो-अ‍ॅलिसनना नोबेल मिळालं तेव्हा तू अख्ख्या मजल्यावर दुलीरामचे पेढे वाटले होतेस, जणू पीडी-१ तुझ्या माहेरचा! मीही चार खाल्ले. तेव्हा त्या रेघेखाली कोणी ओळखीचं नव्हतं.

आता कामाचं. टाटा मेमोरियलचा तो कमी डोसचा अभ्यास तुला माहीत आहे: डोक्या-मानेचा कॅन्सर, १५१ रुग्ण, तोंडाने घ्यायच्या गोळ्यांबरोबर निव्होलुमॅब (माणसाच्या पीडी-१ला धरणारी अँटिबॉडी) फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा. एरवी दोन आठवड्यांना २४० देतात. वर्षानंतर जिवंत राहिलेले नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के, इंजेक्शनसह ४३.४. निलेशला मी एवढंच लिहून दिलं. तो ४३ बघून नाचायला लागला. मला उरलेले ५७ दिसतात. मामाला काय दिसावं हे मी ठरवायचं का?

इथल्या डॉक्टरांनी मुंबईचं मत घ्या म्हटलंय. पुढच्या आठवड्यात मामा-मामी आणि निलेश येतील. मी मुद्दाम येत नाही, मी असले की मामा डॉक्टरऐवजी माझ्या तोंडाकडे बघतो. तू परळलाच आहेस, ओपीडीत बरोबर जा. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे, हॉस्टेलची पोर म्हणून दर रविवारी त्याच्याकडे जेवलीस. त्याने उंदरांचं विचारलं तर दोन्ही उंदरांचं सांग.

ओमची दहावी कशी चाललीय? सासूबाईंचं मोतीबिंदू झालं का? नव्या घराचे फोटो बघितले, ओटा मस्त आहे. बाकी फोनवर.

आणि मामी चिवडा घेऊन येईल. तो निलेशला देऊ नकोस, गाडीतच संपवेल.

तुझी,
सुमी