नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस : शिलालेख आणि कागदपत्र-जतनासाठी आवाहन

माणगाव तालुक्यातील ग्रामस्थ, माजी सैनिक आणि नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यात किंवा परदेशात स्थायिक झालेले आमचे बंधुभगिनी यांस सप्रेम नमस्कार.

पळसगावचे सुपुत्र, व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार मिळविणारे नाईक (हा सैन्यातील हुद्दा) यशवंत घाडगे यांचे नाव आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांनी नेमके काय केले, हे विचारल्यास पुष्कळदा उत्तर अर्ध्यावर थांबते. तो वृत्तान्त मराठीत, शाळकरी मुलाला उभ्याने वाचता येईल अशा ठळक अक्षरांत दगडावर कोरावा, असे आमच्या समितीने ठरविले आहे.

घाडगे हे तिसऱ्या बटालियनमधील, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते आणि त्या दिवशी एका रायफल सेक्शनचे, म्हणजे सैनिकांच्या छोट्या तुकडीचे, नेतृत्व त्यांच्याकडे होते. अगदी जवळून सुरू झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधील सारे सैनिक ठार किंवा जखमी झाले आणि घाडगे एकटेच उभे राहिले. मागे वळण्याऐवजी ते थेट शत्रूच्या त्या मशीनगनच्या मोर्च्यावर, म्हणजे ठाण्यावर, धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा सैनिक दोन्ही निकामी केले आणि आणखी एकाला टॉमीगनने (हाती धरायच्या छोट्या मशीनगनने) टिपले. मॅगझिन बदलण्याइतकीही सवड उरली नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याच्या घावांनी त्यांनी उरलेल्या दोघांचा शेवट केला. त्यानंतर लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि जो मोर्चा त्यांनी एकट्याने जिंकला होता, तिथेच त्यांनी प्राण सोडला. त्यांचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते.

२ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि ते पदक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी स्वीकारले. ज्या घरातला कर्ता तरुण परत आला नाही, त्या घरी पदक आले. त्या माऊलीने ते कोणत्या मनाने हाती घेतले असेल, याचा विचार आम्हाला आजही अस्वस्थ करतो. घाडगे यांची ज्ञात अशी कबर कुठेही नाही, केवळ इटलीतील कॅसिनो येथील युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने गावानेही त्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारले आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असे त्यावर लिहिले. परक्या मुलखातील एका गावाने त्यांची इतक्या आपुलकीने आठवण ठेवावी, ही आमच्यासाठी मोठी कृतज्ञतेची गोष्ट आहे.

या कामाचा दुसरा भाग आम्हाला तितकाच, किंबहुना अधिक निकडीचा वाटतो. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक उतरले होते आणि त्यांतील ५,७८२ जणांना वीरमरण आले. आपल्या कोकणातील आणि घाटावरील अनेक घरांतून माणसे पलटणीत गेली, पण बहुतेकांची नावे घराबाहेर कोणाला माहीत नाहीत. त्यांची पत्रे, पलटणीतून सुटल्याचे दाखले, पेन्शनची कागदपत्रे, पदके आणि गणवेशातील छायाचित्रे माळ्यावरच्या पेट्यांमध्ये पडून आहेत आणि दर पावसाळ्यात वाळवीच्या व ओलीच्या तोंडी जात आहेत.

म्हणून आपणांस विनंती की, शिलालेखाचा दगड, कोरणावळ आणि कागदपत्रांची छायाचित्रे व नोंदवह्या ठेवण्यासाठी लागणारी बंद कपाटे यांकरिता यथाशक्ती आर्थिक साहाय्य करावे. रक्कम लहान म्हणून संकोच करू नये. प्रत्येकास पावती दिली जाईल आणि संपूर्ण हिशेब ग्रामसभेत वाचून दाखविला जाईल. कागदपत्रे व पदके आम्ही ठेवून घेणार नाही. आपल्या घरी येऊन, आपल्या देखत त्यांची छायाचित्रे घेतली जातील आणि मूळ वस्तू त्याच वेळी आपल्या हाती परत दिली जाईल. ज्यांच्याकडे कागद नाही, पण आजी-आजोबांकडून ऐकलेली हकिकत आहे, त्यांनीही ती आम्हाला अवश्य सांगावी. आमचे कार्यकर्ते ती लिहून घेतील आणि वाचून दाखवून मगच नोंदवहीत घालतील.