सीमेलगतच्या रस्त्यांसाठी दुरुस्तीचा निधी राखून ठेवावा

महोदय,

जत तालुक्याच्या पूर्व भागातून, म्हणजे उमदी आणि संख परिसरातून, कर्नाटकाच्या हद्दीकडे जाणाऱ्या ग्रामीण रस्त्यांचा प्रश्न दर पावसाळ्यानंतर निघतो आणि खड्ड्यांत थोडा मुरूम पडला की मागे पडतो. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा येथील पाणीप्रश्नाची राज्यभर चर्चा झाली आणि विस्तारित म्हैसाळ उपसा सिंचन योजनेला गती मिळाली, याचे समाधान आहे. रस्त्यांकडे मात्र तेवढे लक्ष गेले नाही.

मूळ अडचण निकषांत आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने प्रत्येक पात्र वस्तीला बारमाही रस्त्याने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले. गाव तालुक्याच्या बाजूने एकदा जोडले गेले की ते ‘जोडलेले’ ठरते. त्याच गावातून शेजारच्या राज्यात जाणारा रस्ता या हिशेबात बसत नाही. प्रत्यक्षात या भागातील लोकांना मोठ्या दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी सांगलीपेक्षा कर्नाटकातील विजयपूर (विजापूर) जवळ पडते, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना तर हद्दीचे बंधन नसतेच. म्हणजे ज्या रस्त्यावर रोजची वर्दळ आणि अवजड वाहतूक आहे, तोच प्राधान्यक्रमात तळाशी राहतो.

दुसरी अडचण लेखाशीर्षाची, म्हणजे अर्थसंकल्पात खर्च ज्या खात्यावर दाखवला जातो त्याची आहे. नव्या कामांचा खर्च ‘५०५४’ खाली आणि देखभाल-दुरुस्तीचा ‘३०५४’ खाली पडतो. ग्रामसडक योजनेतील रस्त्याची देखभाल पहिली पाच वर्षे कंत्राटदाराकडे असते. त्यानंतरचा सगळा भार दुरुस्तीच्या तुटपुंज्या तरतुदीवर येतो. दुरुस्तीचे भूमिपूजन होत नाही, त्यामुळे तिच्यासाठी भांडायला फारसे कोणी पुढे येत नाही. केंद्राचा सीमा क्षेत्र विकास कार्यक्रम १९८६-८७ मध्ये सुरू झाला, पण तो आंतरराष्ट्रीय सीमेपुरता. दोन राज्यांमधील सीमेवरच्या गावांना त्याचा उपयोग नाही.

कर्नाटकातील ८६५ मराठीभाषक गावांना आपल्या राज्याने महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली, आणि ते योग्यच झाले. तीच आस्था हद्दीच्या अलीकडच्या गावांनाही मिळावी, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. जिल्हा नियोजन समितीने ‘३०५४’ मधील ठरावीक हिस्सा राज्याच्या हद्दीला भिडणाऱ्या रस्त्यांसाठी राखून ठेवावा, तेथील प्राधान्य लोकसंख्येऐवजी हंगामातील वाहनमोजणीवर ठरवावे आणि कामे गाळप सुरू होण्यापूर्वी, शक्यतो पावसाळा सरताच उरकावीत. दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून एकाच रस्त्याच्या आपापल्या टप्प्यांचे वेळापत्रक जुळवावे. त्यासाठी सीमावादाचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील वर्षाचा जिल्हा वार्षिक आराखडा ठरवताना पालकमंत्र्यांनी हा विषय बैठकीपुढे ठेवावा, ही विनंती.

— एक वाचक, ता. जत, जि. सांगली