विंगेतल्या आणि घरातल्या माणसांचे आभार

प्रयोग संपला की टाळ्या आमच्या वाट्याला येतात, म्हणून हे आभार जाहीरपणे.

सगळ्यात आधी कपडेपट सांभाळणाऱ्या ताईंचे. ब्लॅकआउटमध्ये वेश बदलायला मिनिटही मिळत नाही. तोंडात छोटी बॅटरी धरून त्या माझी पाठ मोकळी करतात. दुसरा पोशाख पहिल्याच्या आत आधीच चढवलेला असतो. पुढची बटणं नुसती शोभेची, खालून वेल्क्रो. ही युक्ती त्यांचीच, आणि प्रेक्षकांना कधी कळलेली नाही. पायरीच्या कडेला चमकणारी पट्टी चिकटवणाऱ्या दादांचेही आभार. माझे पाय त्यांच्यामुळे शाबूत आहेत.

आवाजाच्या बाईंनी शिस्त लावली. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, ते शरीरातून हळूहळू पोहोचतं. तेव्हा विंगेत घटाघटा पिऊन उपयोग नाही, दिवसभर पीत राहा, हे त्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. (स्वतः न ओरडता, अर्थात.)

लग्नं, वाढदिवस सुट्टीच्या दिवशी, आणि प्रयोगही तेव्हाच. नातेवाईक रुसले, काहींनी बोलावणं सोडलं. ‘प्रयोग थांबता कामा नये’ हे वाक्य मला थोडं आढ्यतेचं वाटतं, कारण तो चालू ठेवायची किंमत बरेचदा भलतंच कुणी मोजतं. बाबांच्या शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी शेजारच्या काकू रात्रभर रुग्णालयात बसल्या. मध्यंतरात त्यांचा निरोप आला: ‘शुद्धीवर आलेत, तुझा दुसरा अंक नीट कर.’

नावं लिहायची नाहीत अशी सगळ्यांची सक्त ताकीद आहे. काकू, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे, रविवारच्या प्रयोगानंतर आणून देते.